शिबिराला पैसे मिळतात, माणसाला मिळत नाहीत

हवामानबदल, कीटकनाशकं, कापसापासून कपड्यापर्यंतची साखळी, ऊसतोडीचं स्थलांतर. असल्या विषयांवर काम करायचं ठरवलं की तरुणांच्या गटात दुसऱ्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, "बाहेरचं फंडिंग बघूया." विषय जागतिक, म्हणून पैसाही जागतिक, असा हिशेब. तो बहुतेक वेळा चुकतो. का चुकतो आणि पैसा खरा कुठे अडतो, ते एक उदाहरण धरून लिहितो. पोस्ट लांब आहे. अर्ज लिहायला बसला असाल तर शेवटपर्यंत वाचा.

उदाहरण यवतमाळचं. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. पुढे काही कुटुंबांनी ते प्रकरण थेट स्वित्झर्लंडमधल्या बासेलला, म्हणजे सिंजेंटा या कीटकनाशक कंपनीच्या गावी, न्यायालयात नेलं. दुसरं एक विष बघा. पॅराक्वाट हे तणनाशक युरोपीय संघात २००७ पासून बंद आहे, आपल्याकडे मिळतं. एकाच्या बाजारात नको असलेलं विष दुसऱ्याच्या बाजारात चालतं, जागतिक न्याय म्हणतात तो प्रश्न हाच. गावात त्याला कुणी ते नाव देत नाही. गावात विचारतात, डब्यावरचा विषारीपणा दाखवणारा त्रिकोण लाल आहे की पिवळा, आणि दुकानदार पक्कं बिल देतो का. बिल नसेल तर नेमकं काय फवारलं याचा पुरावाच उरत नाही.

समजा सहा गावांतल्या पंचवीस मुलामुलींनी वर्षभर यावर काम करायचं ठरवलं. फवारणी करणाऱ्यांशी बोलायचं, कृषी केंद्रांच्या नोंदी ठेवायच्या, हातमोजे-मास्क वापरले जातात का ते बघायचं, ग्रामसभेत विषय मांडायचा. खर्च साधारण असा येईल. एक पूर्णवेळ कार्यकर्ती, महिना १५,००० रुपये, वर्षाचे १,८०,०००. एक अर्धवेळ कार्यकर्ता ७,५०० प्रमाणे ९०,०००. दोन दिवसांची तीन निवासी शिबिरं, माणशी दिवसाला ४५० रुपये, म्हणजे ६७,५००. प्रवास महिना ५,००० धरून ६०,०००. छपाई-साहित्य ३०,०००. हिशेबनीस आणि ऑडिट २४,०००. वर अचानकचा खर्च म्हणून २२,५००. एकूण ४,७४,०००. यातले २,७०,००० माणसांवर जातात, म्हणजे निम्म्याहून जास्त.

कात्री बसते ती नेमकी इथेच. देणाऱ्याच्या टेबलावर हे बजेट गेलं की मानधनाचा आकडा लाल पेनाने गोल होतो आणि "पगारावर इतका खर्च कशाला?" असा प्रश्न येतो. शिबिराचे पैसे लगेच मंजूर होतात, कारण शिबिराचा फोटो निघतो. मग गट काय करतो, तर मानधन कमी करून शिबिरं तीनाची पाच करतो. पाच शिबिरं झोकात होतात, आणि मधल्या महिन्यांत गावात जायला कुणी नसतं, कारण ती मुलगी तोवर तालुक्याला एखाद्या दुकानात नोकरीला लागलेली असते. या कामात खरी सामग्री माणूसच आहे. भिंत बांधायला निघालात आणि विटांचा खर्च जास्त दिसतो म्हणून विटाच कमी केल्यात, तर काय उभं राहणार?

मानधन वाचवायचं असेल तर नियम तोंडपाठ हवेत. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये (कायद्याने त्यांना समाजकार्यावर करावा लागणारा खर्च) "प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत" हे वाक्य संस्थांच्या तोंडावर सर्रास फेकलं जातं. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. काम करणाऱ्या संस्थेने प्रकल्प राबवण्यासाठी माणसं ठेवली, तर तो खर्च त्यात मोडत नाही. हे नम्रपणे, लेखी, अर्जासोबतच सांगावं. परदेशी पैशाला लागणाऱ्या एफसीआरए कायद्यात प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि तिथे ती खरोखर संस्थेलाच लागते. म्हणून गावात काम करणारी माणसं आणि कार्यालयातली माणसं बजेटात पहिल्यापासून वेगळी दाखवा. "पगार" अशी एकच मोघम ओळ टाकू नका. कोण, कुठल्या गावात, महिन्याचे किती दिवस, काय करणार हे लिहा आणि तसं हजेरीपत्रक खरोखर ठेवा. ऑडिटर विचारतो ते कागदाचं, आणि मार्चमध्ये बसून वर्षभराची हजेरी भरली की शाईच चुगली करते.

आता त्या "बाहेरच्या फंडिंग"बद्दल. एफसीआरए नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. नव्या गटाचा विषय बहुतेक वेळा इथेच संपतो. पूर्वी वाट होती, मोठी नोंदणीकृत संस्था पैसा घ्यायची आणि लहान गटांना वाटायची. २०२० च्या दुरुस्तीने तो पुढे देण्याचा मार्ग पूर्ण बंद केला. समोरच्या संस्थेकडे स्वतःची एफसीआरए नोंदणी असली तरीही देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ही दुरुस्ती कायम ठेवली. माझ्या मते लहान गटांवरचा सगळ्यात मोठा घाव हाच. पैसा येतो तो दिल्लीत स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या शाखेतल्या खात्यात, आणि ज्याच्याकडे यंत्रणा आहे त्याच्याकडेच राहतो. तरीही "सल्लागार फी" किंवा "सेवा शुल्क" दाखवून गटाला पैसे देऊ, असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. तपासणीत मोठ्या संस्थेची नोंदणी अडकते आणि गटातल्या बावीस वर्षांच्या मुलाला नोटीस येते.

याच कायद्यात एक जागा आहे जिथे भलेभले घसरतात. न्यू जर्सीतला मामा पाच हजार रुपये पाठवतो. त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ते परदेशी योगदान नाही. त्याने अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी तो परदेशी स्रोत ठरतो, आणि पैसे रुपयांत, पुण्यातल्या खात्यातून आले तरी फरक पडत नाही. पासपोर्टवरून देणगीत हा भेद होतो हे परदेशातल्या मराठी मंडळींना माहीत नसतं. विचारायला संकोच नको, पासपोर्टची प्रत मागून फाईलला लावा. ऑनलाइन वर्गणीचं पान उघडलंत तर परदेशी कार्डाचा पर्याय बंद आहे ना, ते आधी बघा.

न्यायाचं काम म्हटलं की "हे राजकीय तर नाही ना?" हा प्रश्न येतोच. एफसीआरएच्या नियमांत बंद, रास्ता रोको, जेलभरो करणाऱ्या संघटनांना राजकीय ठरवण्याची तरतूद होती. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती आक्रसून टाकली. पक्षीय किंवा सक्रिय राजकारणाशी संबंध नसलेल्या, लोकांच्या हक्कांसाठी आंदोलन करणाऱ्या संघटनेला केवळ त्या कारणाने परदेशी निधी नाकारता येत नाही. हे माहीत असावं. पण सीएसआरच्या अर्जात "अन्याय" शब्द सात वेळा लिहून कंपनीकडून पैसे मिळतील अशी आशा नको. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीत, शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, ग्रामविकास आहे. "जागतिक न्याय" नाही. फवारणीतली सुरक्षितता आरोग्यात बसते, तसं लिहा. ही लबाडी नव्हे, तीच गोष्ट समोरच्याच्या रकान्यात बसवणं आहे. मात्र कीटकनाशक विकणाऱ्या कंपनीचाच सीएसआर या कामासाठी घ्यायचा का, हे गटाने पैसे येण्याआधी ठरवावं. माझं उत्तर नाही असं आहे.

मग घ्यायचं कुणाकडून? ज्या कंपनीला वर्षाला ५० लाखांपर्यंतच सीएसआर खर्च करावा लागतो तिला वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळ थेट ठरवतं. अशा मध्यम कंपन्या एमआयडीसींमध्ये असतात आणि त्यांच्याकडे अर्जांची रांग कमी असते. त्यासाठी संस्थेकडे आयकर खात्याच्या १२एबी (संस्थेला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करवजावट) या नोंदण्या, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा आणि सीएसआर-१ ही कंपनी मंत्रालयाकडची नोंदणी लागते. गटाकडे हे नसेल तर ज्या स्थानिक संस्थेकडे आहे तिच्या छत्राखाली काम करा. देशी पैशाला ते चालतं, पण पैसा कुणाच्या सहीने निघेल हे लेखी ठरवून घ्या. स्वतःची नोंदणी केलीत (सोसायटी म्हणून करायची तर महाराष्ट्रात किमान सात सदस्य लागतात) तर एक लक्षात ठेवा. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तरुणांच्या संस्था इथेच मरतात. सचिवाला बंगळुरूत नोकरी लागते, खजिनदाराचं लग्न होतं, बदल अर्ज राहतो आणि बँक नव्या सह्या घेत नाही.

वैयक्तिक देणग्यांची किंमत कमी लेखू नका. ५०० रुपयांचे दोनशे देणगीदार म्हणजे एक लाख, आणि ते मानधनाला वापरायला कुणी मनाई करत नाही. ८०जीचं आमिष मात्र पूर्वीइतकं चालत नाही. नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदाराला ती वजावट मिळतच नाही. २,००० च्या वरची रोख देणगीही त्यात बसत नाही. देणगीदारांचा तपशील आयकर खात्याला ३१ मेपर्यंत कळवायचा असतो, चुकलं तर दिवसाला २०० रुपये. शंभर दिवस विसरलात की वीस हजार गेले, म्हणजे कार्यकर्तीचं महिन्याचं मानधन आणि वर पाच हजार.

काही खर्च पैशांशिवायही भागतो. कॉलेजचं एनएसएस युनिट सात दिवसांचं विशेष शिबिर घेतंच. प्राचार्यांना जूनमध्ये भेटून तेच शिबिर तुमच्या सहा गावांपैकी एकात लावलं, तर ६७,५०० मधले निदान वीस-बावीस हजार वाचतात.

निर्णय कोण घेतं, याबद्दलही एक शब्द. युरोप परिषदेचं युवा प्रतिष्ठान १९७२ पासून तरुणांच्या प्रकल्पांना पैसे देतं. कुठल्या प्रकल्पाला द्यायचे हे ठरवणाऱ्या समितीत सरकारांचे आठ आणि तरुणांचे आठ प्रतिनिधी बसतात. त्या पैशावर आपला हक्क नाही, पण ती पद्धत उचलायला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्याकडच्या फाउंडेशनांच्या निवड समितीत पंचविशीच्या आतलं एक माणूस दिसलं तर कळवा.

राहता राहिलं वेळापत्रक. सगळ्यात जास्त प्रकल्प त्याच्यापायीच फसतात. कंपन्यांचा पैसा जानेवारी-फेब्रुवारीत हलतो आणि ३१ मार्चपर्यंत खर्च दाखवा म्हणून घाई होते. कपाशीची फवारणी जुलै ते ऑक्टोबर. मार्चमध्ये मोकळ्या शेतात हातमोज्यांचं प्रात्यक्षिक दाखवून काय साधणार? यावर उपाय असा की कंपनीला सांगून प्रकल्पाची नोंद "चालू प्रकल्प" म्हणून करून घ्यायची. मग न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. हप्ते ४०-४०-२० असे असतील तर शेवटचे २० टक्के अहवालानंतर येतात. वरच्या बजेटात ते ९४,८०० होतात. तेवढी रक्कम हाताशी नसेल तर शेवटचे दोन महिने मानधन थकतं, म्हणून ५०-४०-१० मागा.

आणि उलटं मोजा. जुलैत फवारणी, म्हणजे कार्यकर्ती मे महिन्यात गावात हवी. म्हणजे पैसा एप्रिलमध्ये खात्यात, मंजुरी फेब्रुवारीत, अर्ज नोव्हेंबरात. त्या दिवसांत कापूस वेचणीला आलेला असतो, यंदाच्या फवारणीच्या नोंदी वहीत ताज्या असतात, आणि कुणाला कुठल्या औषधाने चक्कर आली हे लोकांच्या लक्षात असतं. पुढच्या वर्षीचा अर्ज तेव्हाच लिहायला बसा.