संग्रहालयात एकट्यानंच जावं

स्पष्टच लिहिते. देवाला घरच्यांबरोबर जावं, हुरड्याला मैत्रिणींबरोबर जावं, पण संग्रहालय बघायला एकट्यानं जावं. एरवी काय होतं ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय. आत शिरून पाच मिनिटं होत नाहीत तोवर कुणीतरी म्हणतं, "झालं का बघून?" पोरांना तहान लागते, कुणाचे पाय दुखायला लागतात, एक जण तोफेशेजारी उभं राहून फोटो काढून घेतो आणि अर्ध्या तासात सगळे बाहेर, उसाच्या रसाच्या गाडीपाशी. यात दोष कुणाचाच नसतो. प्रत्येकाची नजर वेगळ्या वस्तूवर अडकते आणि चालावं मात्र लागतं सगळ्यांत घाईच्या माणसाच्या चालीनं.

म्हणून मी सुट्टीच्या दिवशी एकटी निघते. सोलापूरहून सकाळची एसटी, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, रात्री जेवायला घरी. मुक्काम नाही, बुकिंग नाही. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे खर्चाचं कारणही उरलं नाही. शेजारच्या काकू विचारतात, "एकट्याच निघालाव की ओ?" हौ, एकटीच.

माझं सगळ्यात लाडकं ठिकाण म्हणजे तेर. धाराशिवला उतरायचं, तिथून दुसरी गाडी. बरेच लोक गोरोबाकाकांचं दर्शन घेऊन तेरहून परत फिरतात. संग्रहालयाचं नाव ऐकलेलं असतं, पण 'वेळ नव्हता'. रामलिंगप्पा लामतुरे हे गावातलेच व्यापारी. तेरच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, मिळणारे मणी, नाणी, खापरं, मातीच्या मूर्ती ते जमवत गेले आणि त्या संग्रहातून आजचं शासनाचं संग्रहालय उभं राहिलं. एका माणसानं आपल्याच गावातली माती इतक्या आस्थेनं जपावी, याचं मला मोठं अप्रूप आहे.

तिथं एक हस्तिदंती बाहुली आहे. छोटीशीच. इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली इ. स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १९३८ साली भारतातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली होती. तिच्याशी तेरच्या या बाहुलीचं साम्य अभ्यासक दाखवतात. हे वाचून गेले होते, तरी समोर उभी राहिल्यावर मी इतिहास विसरून तिचे दागिनेच बघत बसले. केसांची ठेवण बघितली. परत दागिने. बरोबर कुणी असतं तर 'चला पुढे' झालं असतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे मीच काहीतरी समजावून सांगायला लागले असते. समजावून सांगताना माणूस बघायचं थांबतो.

तेरचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी माहितीग्रंथात त्याचा उल्लेख आहे: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठं शहर, तिथून जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जाते. माझे वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते. चादरीच्या गावात वाढलेल्या बाईला 'जाडंभरडं कापड' हे वाचून काय वाटलं असेल ते इतर कुणाला नाही, तरी सोलापूरकरांना कळेल. आपल्याकडं कापडाचा इतिहास १८७७ च्या जुन्या मिलपासून सुरू करायची सवय आहे. आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातून त्याच्या अठराशे वर्षं आधी कापडाच्या गाड्या निघत होत्या.

संग्रहालय झालं की त्रिविक्रमाच्या देवळात जाते. विटांचं, मागची बाजू अर्धगोल. मूळचं बौद्ध चैत्यगृह असावं असं अभ्यासक म्हणतात. तिथंही एकटीनं बाहेरून सावकाश एक चक्कर मारायची, मग आत.

विजापूरची गोष्ट वेगळी. गोलघुमटात सगळं सोलापूर जाऊन आलेलं असतं आणि प्रत्येकानं वर चढून ओरडून घेतलेलं असतं. पण घुमटासमोरच्या नगारखान्यात १८९२ पासून एक संग्रहालय आहे, तिथं किती जण शिरतात? अरबी, फारसी, कन्नड शिलालेख, वीरगळ, हस्तलिखितं, शस्त्रं, चिनी मातीची भांडी. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही, आपल्याकडच्या निम्म्या लोकांसारखंच. त्यामुळे त्या शिलालेखांपुढं मी नुसती अक्षरांची वळणं बघत उभी असते, आणि त्याचीही मजा आहे. शुक्रवारी बंद असतं, तेवढं ध्यानात ठेवा. अर्धं तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपुरतंच, हेही.

आता तक्रार. छोट्या संग्रहालयांतल्या पाट्या. 'मूर्ती', 'भांडे', 'मणी'. अहो, मूर्ती आहे ते दिसतंय की! कुठं सापडली, कधीची, कशाची, ते लिहा. पण माझं मत असं की, पाटी नाही म्हणून जाऊच नये हे काही खरं नाही. आधी बघायचं, घरी येऊन वाचायचं, मग पुन्हा जायचं. दुसऱ्या खेपेला तीच वस्तू जास्त बोलते. मोठ्या शहरातल्या अवाढव्य संग्रहालयात हे जमत नाही. तिथं दालनं संपवता संपवता जीव मेटाकुटीला येतो.

अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागारही असंच. स्वामींच्या दर्शनाला इतकी गर्दी, आणि तिकडं मात्र फार कुणाचं लक्ष नाही. शस्त्रांत मला फारसा रस नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

ज्यांना एकदम बाहेरगावी एकट्यानं जायचा धीर होत नाही त्यांनी भैया चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकापासून सुरुवात करावी. १९१० साली सोलापुरात जन्मलेला मुलगा डॉक्टर होतो, १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून युद्धात होरपळणाऱ्या चीनला जातो, जखमी सैनिकांवर उपचार करत राहतो, तिथंच लग्न करतो आणि १९४२ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच जातो. चीनमध्ये त्यांचे पुतळे आहेत. इथं त्या रस्त्यावरून रोज स्कूटर घेऊन जाणाऱ्या कितीतरी जणांनी अजून आत पाऊल टाकलेलं नाही. रिक्षानं जा, तासभर थांबा, कंटाळा आला तर घर जवळच आहे.

गाड्यांच्या वेळा हव्या असतील तर सांगते. 'आम्हीही येऊ का बरोबर?' एवढं मात्र विचारू नका. हुरड्याला जाऊ की सगळ्या मिळून.