‘कोरल येत नसेल तर वही छापायला जाऊ नका’: हा सल्ला कुठे चुकतो

शाळांच्या, संस्थांच्या आणि छोट्या व्यावसायिकांच्या ग्रुपवर एक सल्ला सतत फिरतो: स्वतःच्या नावाची वही छापायची असेल तर इनडिझाइन किंवा कोरलड्रॉसारखं व्यावसायिक सॉफ्टवेअर हवंच, वर्ड, कॅनव्हा, लिब्रेऑफिसची फाइल प्रेसमध्ये चालत नाही, कारण कडा पांढऱ्या येतात, रंग बदलतात, रेघा तुटतात आणि देवनागरी फुटते. हे दोष खरे आहेत, पण ते सॉफ्टवेअरमुळे होत नाहीत.

‘कडा पांढऱ्या येतात.’ येतात, कारण फाइल नेमक्या ए-5 मापाची, म्हणजे 148 × 210 मिमी केलेली असते. कटिंगचं पातं अर्धा-एक मिमी इकडेतिकडे होतंच. चारही बाजूंनी 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापून टाकायची जादा कडा, धरून पान 154 × 216 मिमीचं करा आणि पार्श्वभूमी थेट त्या कडेपर्यंत न्या. अक्षरं मात्र कापल्या जाणाऱ्या रेषेपासून किमान 5 मिमी आत. वर्ड आणि लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये हे माप हाताने टाकता येतं. कॅनव्हात डिझाइन 148 × 210 चंच ठेवा आणि डाउनलोड करताना ब्लीड आणि क्रॉप मार्कचा (कुठे कापायचं ते दाखवणाऱ्या खुणांचा) पर्याय निवडा.

‘रेघा तुटतात.’ वहीचा जीव रेघांत असतो, आणि नेमकं इथेच सगळ्यात जास्त चुकतं. स्क्रीनवर छान दिसते म्हणून रेघ 20 टक्के करडी ठेवली जाते. प्रेसवर करडा रंग म्हणजे काळ्या शाईचे बारीक ठिपके. पाव पॉइंटच्या रेघेत ते मावत नाहीत आणि रेघ तुटक दिसते. कोरलमध्ये आखली तरी तुटकच दिसेल. उपाय असा: रेघ शंभर टक्के काळी ठेवा, जाडी 0.25 ते 0.5 पॉइंट. ऑफसेटवर (प्लेट वापरून) छापणार असाल तर प्रेसला सांगा, ‘आतली पानं एकरंगी, शाई फिकी निळी किंवा करडी.’ प्लेटला रंग नसतो, मशीनवर जी शाई चढेल त्या रंगाची रेघ येते. कमी प्रती डिजिटलवर काढायच्या असतील तर शाई बदलता येत नाही; तिथे 0.25 पॉइंटची काळी रेघच ठेवा. जाडी शून्य कधीच ठेवू नका, ती प्लेटवर जवळजवळ नाहीशी होते.

ड्रॉमध्ये आखणं सोपं आहे. वरून 28 मिमीवर डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत 154 मिमीची एक रेघ काढा, ‘डुप्लिकेट’मध्ये 22 प्रती आणि खाली 8 मिमी अंतर द्या. 23 रेघांचं पान तयार.

‘रंग बदलतात.’ स्क्रीनवरचा झगझगीत निळा आणि पोपटी छपाईच्या चार शायांत (सीएमवायके: निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) बसतच नाही. कोणत्याही सॉफ्टवेअरमधून पाठवा, निळा जांभळट होणार आणि पोपटी मळकट. त्यामुळे मुखपृष्ठाला हे रंग टाळा आणि कागदावरचा प्रूफ पाहूनच होकार द्या. सीएमवायके पीडीएफ कॅनव्हाच्या सशुल्क खात्यात मिळते. पानरचनेच्या स्क्रायबस सॉफ्टवेअरमध्ये ती फुकट मिळते. बारीक काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. ती चार शायांची झाली आणि रजिस्ट्रेशन (शाया एकमेकींवर नेमक्या बसणं) जरा हललं, की अक्षरांना रंगीत सावली येते.

‘देवनागरी फुटते.’ पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत असेल तर ती जशीच्या तशी छापली जाते. फुटते ती प्रेसमधला ऑपरेटर तीच पीडीएफ कोरलमध्ये उघडतो तेव्हा: वेलांट्या सरकतात, जोडाक्षरं सुटतात. म्हणून मुखपृष्ठ इंकस्केप या मोफत चित्र-सॉफ्टवेअरमध्ये करून, पीडीएफ काढताना अक्षरांचे पाथ (आकार) करण्याचा पर्याय निवडा. प्रेसवाले यालाच ‘कर्व्ह करून पाठवा’ म्हणतात. स्क्रायबस वापरणार असाल तर 1.6 किंवा नंतरची आवृत्ती घ्या, 1.4 मध्ये जोडाक्षरं नीट जुळत नाहीत.

‘पानं लावणं आपल्याला जमणार नाही.’ ते आपलं कामच नाही. पानं एकेक, क्रमाने द्या. फर्म्यात (छापायच्या मोठ्या कागदावर) बसवणं प्रेसचं काम. जोड्या लावून पाठवलेली फाइल त्यांना पुन्हा सोडवावी लागते. मधोमध पिना मारायच्या तर पानांची संख्या 4 च्या पटीत हवी. 96 पानांच्या अशा वहीत आतले कागद सुमारे 2 मिमी बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये तेवढे कापले जातात, म्हणून पानक्रमांक कडेला चिकटवू नका. वायरो (तारेची बांधणी) असेल तर भोकांच्या बाजूला 12 मिमी मोकळे सोडा. चिकट बांधणी असेल तर मागचं, कणा आणि पुढचं मुखपृष्ठ एकाच सलग फाइलमध्ये लागतं. 70 जीएसएमच्या (चौरस मीटरला 70 ग्रॅम वजनाच्या कागदाच्या) 200 पानांचा, म्हणजे 100 कागदांचा कणा साधारण 9 ते 10 मिमी भरतो. पण नेमका आकडा प्रेसकडून त्याच कागदाची कोरी डमी घेऊन मोजा.

लोगो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेला वापरू नका, मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. 1600 पिक्सेल रुंद चित्र 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) जेमतेम साडेतेरा सेंमी पुरतं. वर्डमध्ये चित्र टाकण्याआधी ‘ॲडव्हान्स्ड’ पर्यायांत जाऊन चित्रं न दाबण्याची (कॉम्प्रेस न करण्याची) खूण करा. पीडीएफ निघाली की ॲक्रोबॅट रीडरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये दोन गोष्टी तपासा: पानाचं माप, आणि प्रत्येक फॉन्टपुढे ‘एम्बेडेड’ लिहिलंय का.

मुखपृष्ठावर सोनेरी फॉइल हवं असेल तर त्याच मापाचं आणखी एक पान करा, त्यावर फक्त फॉइलचा भाग शंभर टक्के काळा. इंकस्केपमध्ये मूळ फाइलची प्रत घेऊन बाकीचं पुसलं की झालं.