नाडी धरा आणि गप्प बसा?

'खरा वैद्य कसा ओळखावा' या मथळ्याचा एक संदेश गेले काही महिने व्हॉट्सॲपवर फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, परवा तर पेशंटनेच मला पाठवला, खाली हात जोडलेले. त्यातले दावे असे: खरा वैद्य नुसत्या नाडीवरून सगळं सांगतो, प्रश्न विचारणारा कच्चा, आयुर्वेदाच्या औषधाला साइड इफेक्ट नसतात, त्यामुळे ती स्वतःच घेतली तरी चालतात, खरा वैद्य पैसे घेत नाही, आणि आयुर्वेदात असाध्य असं काही नाही.

मी स्वतः वैद्य आहे. संदेशात आमची स्तुतीच आहे म्हणा, पण ती पचत नाही.

आधी नाडी. चरक, सुश्रुत, वाग्भट या तिघांच्या ग्रंथांत नाडीपरीक्षा नाही. ती सविस्तर येते ती शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे पुष्कळ शतकांनंतर. पुढे योगरत्नाकरात आठ परीक्षा सांगितल्या: नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृष्टी, आकृती. तिथेही नाडी आठांतली एक. वाग्भट तर सरळ म्हणतो, 'दर्शनस्पर्शनप्रश्नैः परीक्षेत च रोगिणम्'. बघा, हात लावा आणि विचारा. ज्या प्रश्नाला संदेश कच्चेपणा म्हणतो, तो श्लोकातच बसलाय.

मागे एक काका आले होते. खुर्चीत बसले, मनगट पुढे केलं आणि तोंड मिटून घेतलं. 'काय होतंय?' म्हटलं तर हसले, 'तुम्हीच सांगा की.' परीक्षा त्यांची नव्हती, माझी होती. नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं. पित्त वाढलेलं होतं, ते सांगितल्यावर खूश झाले. पण का वाढलं? जेवण, झोप, चहा असं विचारत विचारत 'आणखी काही औषध चालू आहे का'पर्यंत आलो, तेव्हा शर्टाच्या खिशातून गुडघेदुखीच्या गोळ्यांची पट्टी निघाली. कित्येक महिने रोज दोन, मनानेच, कधी कधी उपाशीपोटी. नाडीत गोळीचं नाव उमटत नाही. चरकाने रुग्णाच्या दशविध परीक्षेत प्रकृती, सात्म्य, आहारशक्ती, वय असं सगळं घातलंय, त्यातलं सात्म्य, म्हणजे सवयीने अंगाला मानवणारं काय, हे माणसाला विचारल्याशिवाय कसं कळणार?

आता साइड इफेक्ट. हा दावा सगळ्यांत घातक. आपल्याकडचा बिब्बाच घ्या. त्याची गोडंबी डिंकाच्या लाडवात पडते आणि त्याच फळाचं तेल कातडीला लागलं तर फोड येतात. टाचेच्या भेगांवर बिब्बा लावून तो उतल्यामुळे पाय सुजवून आलेली माणसं मी पाहिली आहेत. चरक भल्लातकाला, म्हणजे बिब्ब्यालाच, अग्निसमान म्हणतो आणि लगेच पुढे म्हणतो की विधीप्रमाणे वापरला तर अमृतासारखा. तो विधी कोणी करायचा? विटेच्या चुऱ्यात घोळून त्याची तीव्रता उतरवणं म्हणजे शोधन, मात्रा, ऋतू, कोणाला द्यायचा आणि कोणाला अजिबात नाही, हे ठरवणं हेच तर वैद्याचं काम. आजच्या कायद्यातही बचनाग, कुचला, बिब्बा अशा विषारी द्रव्यांची वेगळी यादी आहे आणि ती घातलेल्या औषधाच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. बाटली फेकण्याआधी एकदा वाचा.

आणि गुळवेल? करोनात घरोघरी काढे उकळले. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, वनस्पती नीट ओळखलेली नसावी, तिच्यासारखी दुसरीच वेल असू शकेल असं म्हटलं. बरं, तसंच धरू. मग कुंपणावरची वेल मनाने तोडून उकळावी की नाही, याचं उत्तर त्या हरकतीतच आलं!

पैशांबद्दल थोडक्यात. चिकित्सा दुकानातल्या मालासारखी विकू नये, भूतदयेने करावी, असं चरक म्हणतो, आणि त्यावर मला टोचलं तर मी ऐकून घेईन. पण तिथेच हेही आहे की बरा झालेला जो माणूस वैद्याची परतफेड करत नाही, त्याला या पापातून सुटका नाही. संदेश लिहिणाऱ्याने नेमकं अर्धं पान वाचलंय.

राहिलं असाध्य. चरकाने रोगांचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य म्हणजे कष्टाने बरे होणारे, याप्य म्हणजे उपचार चालू असेपर्यंत आटोक्यात राहणारे, आणि असाध्य असे भाग पाडलेत. असाध्याला हात घालणारा वैद्य पैसा, विद्या, यश तिन्ही घालवतो असंही बजावलंय. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, तरी 'एकवीस दिवसांत मुळापासून' सुरूच असतं.

हाच संदेश वाचून एक आई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. त्याला टाइप वन मधुमेह. 'इन्सुलिन बंद करून तुमचं सुरू करू का?' मी नाही म्हटलं. एकही डोस चुकवायचा नाही, हे दोनदा सांगितलं, खाण्यापिण्याचं बोललो आणि त्यांच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. औषध काहीच दिलं नाही. तपासणीचे पैसे मात्र घेतले.