ओएबीचा फोल्डर उडवून एरर जात नाही हो

एक नुस्खा सध्या जो तो पुढे ढकलतोय. आउटलुकमध्ये अॅड्रेस बुक डाउनलोड होताना ०एक्स८००४०१०एफ असा एरर आला की आउटलुक बंद करा, लोकल अॅपडेटामधला 'ऑफलाइन अॅड्रेस बुक्स' (म्हणजेच ओएबी) फोल्डर उडवा, नाही झालं तर प्रोफाइल नवीन बनवा, तरीही अडलं तर कॅश्ड मोडच, म्हणजे मेल आणि पत्त्यांची प्रत आपल्या मशीनवर ठेवायची सोयच, बंद करून टाका. शंभर टक्के काम होतं म्हणे, आणि सर्व्हर बघायची गरजच नाही कारण ब्राउझरमधून मेल उघडला तर सगळे पत्ते व्यवस्थित दिसतात. लिहिलंय इतक्या ठासून की वाचणारा सरळ डिलीट मारून मोकळा होतो.

आधी ते ब्राउझरचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. ब्राउझरमधला मेल ओएबीला विचारतच नाही, तो पत्ते थेट अॅक्टिव्ह डिरेक्टरीतून, म्हणजे सर्व्हरवरच्या खात्यांच्या मूळ यादीतून वाचतो. ओएबी म्हणजे त्याच यादीची सर्व्हरने अधूनमधून बनवून ठेवलेली फाइल, जी कॅश्ड मोडमधला आउटलुक आपल्याकडे उतरवून घेतो. त्यामुळे ब्राउझरमध्ये नवीन माणूस दिसतोय आणि आउटलुकमध्ये नाही, यातून एवढंच कळतं की डिरेक्टरी ठीक आहे, फाइल बनतेय की नाही ते अजून कुणी बघितलेलंच नाही.

'हा क्लायंटचा, म्हणजे आपल्या मशीनवरच्या आउटलुकचा, प्रॉब्लेम आहे.' असू शकतो, पण मग तो एकाच मशीनवर दिसेल. ज्यांचे मेलबॉक्स त्याच डेटाबेसवर आहेत त्या बाकीच्यांचं डाउनलोड नीट होतंय आणि एकाचंच रडतंय तर उडवा खुशाल फोल्डर, तिथे हा उपाय चालतो. सगळ्यांना ०१०एफ येत असेल तर मात्र आउटलुकने जे मागितलं ते समोर सापडत नाहीये, आणि अशा वेळी फोल्डर उडवलात तर जुनी का होईना पण चालणारी यादी होती तीही गेली. वर पुन्हा, एरवी आउटलुक फक्त बदल उतरवतो, फोल्डर रिकामा केला की सर्व्हर दुरुस्त झाल्यावर सगळ्यांना अख्खी फाइल एकदम लागणार, म्हणजे नेटवर्कची वेगळी बोंब.

मग बघायचं काय? कंट्रोल दाबून धरा, खाली कोपऱ्यातल्या आउटलुकच्या आयकॉनवर राइट क्लिक करा, ऑटोकॉन्फिगरेशन टेस्ट करायचा पर्याय येतो. तिथे ओएबी यूआरएल अशी ओळ येते का बघा. ती ओळच नसेल किंवा यूआरएलमध्ये कधीच बंद केलेल्या जुन्या सर्व्हरचं नाव असेल तर कारण सापडलं, ओएबीची व्हर्च्युअल डिरेक्टरी (सर्व्हरवरची जागा, जिथून ही फाइल मिळते) तपासा. यूआरएल बरोबर वाटत असेल तर तो ब्राउझरमध्ये टाकून शेवटी ओएबी डॉट एक्सएमएल जोडा आणि लॉगिन करा. फाइल उघडली तर त्यात 'फुल' नावाची नोंद दिसते, तिच्यात सीक्वेन्स नंबर आणि साइझ असते, खाली 'डिफ'च्या, म्हणजे नुसत्या बदलांच्या, नोंदी असतात. डिरेक्टरीत रोज माणसं वाढतायत आणि हा नंबर मात्र जागचा हलत नाहीये, तर फाइल बनणंच थांबलंय.

इथे एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) २०१३ आणि त्यापुढच्यांना एक खास खड्डा आहे. ओएबी बनवायचं काम आर्बिट्रेशन मेलबॉक्समधून, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या कामाच्या खास मेलबॉक्समधून होतं, आणि जुना सर्व्हर काढताना तो मेलबॉक्स कुठे गेला हे बघायचं बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही. ज्या डेटाबेसवर तो आहे तो डिसमाउंट (बंद) असला की ओएबी बनणार नाही, तुम्ही क्लायंटवर कितीही प्रोफाइल बनवा.

एररचा आकडाही जरा नीट वाचत जा. ०एक्स८०१९०१९४ आला तर शेवटचे १९४ हेक्समधले आहेत, दशमानात ४०४, म्हणजे पत्त्यावर फाइल नाही. १९१ म्हणजे ४०१, लॉगिनची भानगड. आणि सर्टिफिकेट क्लायंटच्या विश्वासातलं नसेल तर ब्राउझर निदान इशारा तरी देतो, पण ओएबी विंडोजच्या बिट्स सर्व्हिसमधून मागच्या मागे उतरते, ती विचारायला थांबत नाही, नुसती फेल होते.

याच नुस्ख्याची एक पुढची आवृत्ती आहे, 'सर्व्हरवर अपडेट कमांड मारा, लगेच दिसेल'. कमांडने फाइल बनायला सुरुवात होते, बस. एरवी नव्या एक्सचेंजवर ती डिफॉल्टने दर ८ तासांनी बनते आणि आउटलुक मागच्या यशस्वी डाउनलोडनंतर साधारण २४ तासांनी परत विचारतो, त्यामुळे सकाळी टाकलेला माणूस दुपारी दिसला नाही तर तो बिघाड नाही. घाई असेल तर कमांडनंतर थोडं थांबून आउटलुकच्या सेंड-रिसीव्ह टॅबमधून अॅड्रेस बुक हाताने उतरवा.

कॅश्ड मोड बंद केला की एरर जातो हे मात्र खरं आहे, कारण मग ओएबी लागतच नाही. पण प्रत्येक मेल, प्रत्येक पत्ता सर्व्हरकडून येणार आणि नेट गेलं की हातात काही नाही. याला काय उपाय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आणि ज्यांचा मेल ५५० ५.१.१ (असा पत्ता सापडत नाही) म्हणत परत येतोय आणि पत्त्यात आयएमसीईएएक्सने सुरू होणारं लांबलचक शेपूट दिसतंय, त्यांनी तर ओएबीच्या नादीच लागू नका. मेलबॉक्स काढून त्याच नावाने परत बनवला की असं होतं. टाइप करताना आपोआप सुचतो तो पत्ता ऑटोकम्प्लीटच्या यादीतला असतो, ती यादी वेगळी, ओएबीचा फोल्डर उडवून ती हलत नाही. एका माणसापुरतं सुचलेल्या नावापुढची फुली दाबून परत यादीतून निवडलं की झालं. सगळ्यांसाठी करायचं तर त्या शेपटातल्या अंडरस्कोरच्या जागी तिरकी रेघ घाला, प्लस २० च्या जागी स्पेस, प्लस २८ आणि २९ च्या जागी कंस, सुरुवातीचं आयएमसीईएएक्स आणि त्यामागची आडवी रेघ, तसंच अॅटपासून पुढचं डोमेन छाटा आणि उरलेला पत्ता नव्या मेलबॉक्सला एक्स५०० प्रकारचा जादा पत्ता म्हणून जोडा.