‘ओरिजिनल नाहीये’ म्हणणाऱ्या मंडळींसाठी

जुन्या व्हिडिओ गेमचा नाद असलेल्या लोकांमध्ये एक सोवळंओवळं चालतं. जपानहून मागवलेला फॅमिकॉम, म्हणजे निन्टेंडो कंपनीचं टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र, सोवळ्यातला. त्याचाच अमेरिकेतला अवतार एनईएस त्याच्या खालोखाल. आणि नव्वदच्या दशकात आपल्या घराघरांत टीव्हीसमोर पडलेले असायचे ते मीडिया, लिटल मास्टर किंवा नावगाव नसलेले तैवानी-चिनी डबे? ‘अरे, ते क्लोन आहेत. कचरा.’ माझ्या कपाटाकडे बघून हे मला अनेकांनी ऐकवलंय. तोंडावर वाद घालत नाही, चहा देतो. पण उत्तर इथे देतो.

माझं म्हणणं सरळ आहे. महाराष्ट्रातली पोरं जे खेळली ते हेच. आपला व्हिडिओ गेमचा इतिहासच डुप्लिकेट आहे, त्यामुळे जपायचा तर डुप्लिकेटच जपावा लागेल. आणि काचेच्या कपाटात नाही, टीव्हीला जोडून, चालू स्थितीत.

मूळ यंत्राबद्दल मला आदर नाही असं कृपा करून समजू नका. निन्टेंडोने फॅमिकॉम जपानात १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आणला, किंमत १४,८०० येन. निन्टेंडोचे अभियंते मासायुकी उएमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पैशा-पैशाची काटकसर करून तो उभा केला. आत ६५०२ जातीचा प्रोसेसर, वेग १.७९ मेगाहर्ट्झ, कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट. १९८५ सालचा सुपर मारिओ ब्रदर्स, बत्तीसच्या बत्तीस लेव्हलींसकट, ४० किलोबाइटमध्ये बसवलाय. फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येणारा सुप्रभातचा फोटो त्याहून जड असतो.

याच फॅमिकॉमला एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे कुलूप. १९८५ मध्ये अमेरिकेत नेताना निन्टेंडोने यंत्रात आणि खेळाच्या कॅसेटमध्ये एकमेकांना ओळखणाऱ्या चिपा घातल्या. ओळख पटली नाही की यंत्र पुन्हा पुन्हा रीसेट. जपानी यंत्रात तसला काही बंदोबस्त नव्हता, आणि नक्कल करणाऱ्यांना तेवढंच हवं होतं. तैवानच्या यूएमसी कंपनीने प्रोसेसर आणि चित्र काढणारी चिप, दोन्हींच्या नकला काढल्या. पुढे सगळंच एका चिपेत आलं आणि पत्त्याच्या कॅटाएवढ्या बोर्डावर काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली गुडूप झालं. रशियात त्याचा डेंडी झाला, पोलंडमध्ये पेगासस झाला, आणि आपल्याकडे दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला ‘टीव्ही गेम’ झाला.

आता खरी गंमत. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र काढायचा. आपला पाल पद्धतीचा, म्हणून पन्नास. हे खेळ लिहिलेत साठाच्या हिशेबाने, प्रत्येक चित्रामागे मारिओने किती सरकायचं ते ठरलेलं. त्यामुळे पाल क्लोनवर सगळा कारभार एक षष्ठांश धीमा. मारिओ धीमा, कासव धीमं, वरचं घड्याळसुद्धा धीमं. बरं, युरोपात निन्टेंडोने स्वतः विकलेल्या पाल यंत्रावर काही जपानी कॅसेटी अडखळतात. यूएमसीने मात्र डोकं लढवलं. चित्र काढून झाल्यावर काही रिकाम्या ओळी जाऊ द्यायच्या आणि प्रोसेसर जवळजवळ मूळ वेगानेच पळवायचा. परिणाम असा की संगीताची पट्टी जवळपास मूळचीच, लय तेवढी विलंबित. यूट्यूबवर एखाद्या अमेरिकन माणसाला मारिओ खेळताना पाहून ‘हा फास्ट का वाटतोय?’ असं तुम्हाला वाटलं असेल, तर कान बरोबर आहेत तुमचे. आपण लहानपणी ज्या उड्या सहज मारल्या त्यात या कूर्मगतीचाही थोडा हात होता, हे मान्य करायला हरकत नाही.

धीमी लय आणि जवळपास मूळची पट्टी हा मेळ ना मूळ फॅमिकॉममध्ये मिळतो, ना निन्टेंडोच्या युरोपीय यंत्रात. तो फक्त क्लोनचा आहे. काही इम्युलेटरांमध्ये (संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्राम) यासाठी वेगळा पर्याय असतो, आणि त्याचं नाव काय? डेंडी. रशियन हौशी मंडळींनी आपल्या नकली यंत्राची लाज धरली नाही. उघडली, मोजली, लिहून काढली. म्हणून आज त्या वेगाला त्यांच्या यंत्राचं नाव आहे. आपण काय केलं? भंगारवाल्याला दिली, वर ‘डुप्लिकेट होती’ म्हणून नाकं मुरडली.

कॅसेटींचंही तेच. ९९९९९९९ इन १! आत खरे खेळ जेमतेम मूठभर, बाकी सगळी पुनरावृत्ती. तोच खेळ दुसऱ्या लेव्हलपासून, तोच खेळ दुसऱ्या नावाने. कोणीतरी बसून मूळ खेळांच्या पहिल्या पडद्यावरून कंपनीचं नाव पुसलंय, कुठे नावच बदललंय. आपण ज्याला आयलँडर म्हणून ओळखतो तो हडसन कंपनीचा ॲडव्हेंचर आयलंड, आणि टँक १९९० म्हणजे नाम्कोच्या बॅटल सिटीची फिरवाफिरव केलेली आवृत्ती. चोरीच होती ती, शंकाच नाही, आणि ज्यांनी मूळ खेळ लिहिले त्यांच्या हाती त्यातला छदाम लागला नाही. पण त्या चोरीत कारागिरी होती. मेनूवरचं ते समुद्रकिनाऱ्याचं चित्र आणि ते बेसूर संगीत कुठल्याही अधिकृत संग्रहात येणार नाही. ते कॅसेटच्या आतच आहे, आणि कॅसेट माळ्यावर.

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी चक्कर मारली तर अधूनमधून एखादं यंत्र दिसतं. संवाद ठरलेला.

‘चालू आहे का?’
‘घ्या ना साहेब, चालूच असणार.’
‘लावून दाखवता?’
‘आता इथं कुठनं आणू लाईट?’

एवढ्यात काय ते समजून घ्यायचं. माझा अनुभव असा की ही यंत्रं मरतात कमी, आजारी फार पडतात. काळ्या थेंबाखालची चिप गेली असेल तर हात जोडायचे, तिला औषध नाही. पण बहुतेक वेळा दुखणं भोवताली असतं. अडॅप्टरची वायर, पाच व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर, फुगलेला कपॅसिटर, कॅसेटच्या खाचेतल्या काळवंडलेल्या पिना. सगळं मिळून खर्च एका वडापावच्या प्लेटीच्या आसपास, वेळ मात्र अख्खी दुपार.

माझं आवडतं काम रिमोटचं. (जॉयस्टिक म्हणा, कंट्रोलर म्हणा, आमच्या वाड्यात रिमोटच म्हणायचे.) मागचे स्क्रू काढले की आत एक हिरवी-तपकिरी पट्टी, बटणांखाली रबराची गादी, आणि रबराच्या पोटाला कार्बनच्या काळ्या टिकल्या. बटण दाबलं की टिकली पट्टीवर टेकते, बस. आठ बटणं, पण वायरी पाचच, हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. मूळ रिमोटमध्ये ४०२१ नावाची चिप असते. ती आठही बटणांची अवस्था एका क्षणी पकडते आणि एकाच वायरीवरून एकामागे एक सांगते. बाकी चार वायरी म्हणजे वीज, अर्थिंग, ‘पकड’ आणि ‘पुढचं सांग’. क्लोनमध्ये तिच्या जागीही बहुधा काळा थेंबच असतो, पण तो गेलाच तर त्याच्या जागी ४०२१ बसवता येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा आमच्या पुण्यातल्या तपकीर गल्लीत ती अजूनही किरकोळीत मिळते.

पण चिप सहसा जात नाहीच. जाते ती वायर, आणि तीही नेमकी रिमोटच्या मानेशी. का? कारण आपण सगळ्यांनी मारिओसोबत रिमोटही हवेत उडवलाय. वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच उजवीकडे जातो, अशी तक्रार असेल तर दुखणं हेच. मल्टिमीटर बीपवर ठेवायचा, एक टोक प्लगच्या पिनेला, दुसरं आतल्या टाक्याला, आणि वायर मानेपाशी हलकेच वाकवायची. बीप तुटला की सापडली. दोन-तीन इंच वायर कापून टाकायची, नवी टोकं सोलून त्यांना कथील चढवायचं आणि पुन्हा डाग द्यायचा. कापायच्या आधी कुठल्या रंगाची वायर कुठे होती याचा फोटो घ्यायचा, कारण क्लोनवाल्यांना रंगांचा नियम वगैरे ठाऊक नव्हता. त्या दिवशी हाताशी आली ती वायर लावलेली असते.

आणि फुंकर. हा विषय निघाला की भावना दुखावतात, तरी सांगतो. फुंकरीने कॅसेट चालायची नाही. काढून पुन्हा बसवल्यामुळे चालायची, पिना नव्या जागी घासल्या जायच्या म्हणून. फुंकरीबरोबर गेलेल्या ओलाव्याने उलट पिनांना गंज चढायला मदतच झाली. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस. फारच काळं असेल तर आधी खोडरबर, हलक्या हाताने. बाकी फुंकर वाढदिवसाच्या केकसाठी राखून ठेवा.

आता थोडं कडू बोलतो. ऑगस्ट २०२१ मध्ये मारिओची एक न उघडलेली पेटी वीस लाख डॉलरना विकली गेली. तिची किंमतच मुळी ती कधीही खेळली जाणार नाही म्हणून आहे. त्यांचे पैसे, त्यांची मर्जी. पण हे लोण आपल्याकडे आलंय. पिवळी पडलेली यंत्रं ‘रेअर’, ‘नॉस्टॅल्जिया’ अशी लेबलं लावून तोंडाला येईल त्या भावाने विकायला ठेवलेली दिसतात, आणि ‘चालू आहे का’ विचारलं की माणूस दुखावतो. ‘शोपीस आहे सर.’ अहो, शोपीसच हवा तर बाजारात फुलदाण्या कमी आहेत का? खुद्द निन्टेंडोने २००७ मध्ये फॅमिकॉमची दुरुस्ती थांबवली, सुटे भाग संपले म्हणून. म्हणजे तोवर, २४ वर्षं, ते दुरुस्त करून देत होते. क्लोनच्या मागे तर कधी कोणी नव्हतंच. जी जिवंत आहेत ती गल्लीतल्या टीव्हीवाल्या काकांमुळे आणि रिकामटेकड्या हौशी लोकांमुळे.

तर तुमच्या माळ्यावर एखादं असेल तर थेट प्लग लावू नका. आधी अडॅप्टर तपासा. जुने अडॅप्टर नऊ व्होल्ट लिहून बरंच जास्त देतात, आणि मधली पिन प्लस की मायनस याला क्लोनमध्ये धरबंध नाही. मूळ फॅमिकॉममध्ये ती मायनस आहे. उलटं लावलंत तर रेग्युलेटरला राम म्हणावा लागेल. शक्य असेल तर डबा टीव्ही शोधा. नवे टीव्ही या यंत्रांचं चित्र एक तर घेत नाहीत किंवा घेतात ते उशिरा दाखवतात, आणि पडद्यावर नेम धरून खेळायची बंदूक तर त्यांच्यावर चालतच नाही, कारण पिक्चर ट्यूबवर चित्र ज्या क्षणी उमटतं त्या क्षणाचा उजेड तिला हवा असतो. टीव्ही मात्र स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये जीवघेणा करंट राहतो, ते काम काकांचंच. अमेरिकेतल्या भाच्याकडून एनईएसच्या कॅसेटी मागवत असाल तर थांबा. त्या ७२ पिनांच्या, आपली खाच ६० पिनांची, मध्ये जोडणी लागेल.

आणि हो, बंदुकीने बदकं टिपायच्या डक हंटमध्ये, एका बदकाच्या प्रकारात, बंदुकीबरोबर रिमोट लावला तर दुसऱ्याला बदक उडवत फिरवता येतं. तुमचा नेम लहानपणी कायम चुकत असेल आणि शेजारी मोठा भाऊ रिमोट घेऊन बसलेला असेल, तर आता फोन करून जाब विचारा.