रक्त वाढलं म्हणून पेढे

सकाळी थायरॉइडचा रिपोर्ट आणायला लॅबमध्ये गेले होते. माझ्यापुढे एक आजोबा. काउंटरवरच्या पोराने पाकीट सरकवलं. आजोबांनी कागद काढला, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "बाळा, हिमोग्लोबिन आठ म्हणजे रक्त कमी झालंय का माझं?"

पोरगं मोबाइलमधून मान वर न काढता म्हणालं, "डॉक्टरांना दाखवा."

माझी अशी सटकली! कारण हाच प्रश्न सहा वर्षांपूर्वी आमच्या घरात पडला होता आणि त्याचं उत्तर मी दिलं होतं. फोनवरून. मी, एम.कॉम. फर्स्ट क्लास.

बाबांच्या रिपोर्टवर होतं ग्लायकेटेड हिमोग्लोबिन ९.२. आईला पहिला शब्द वाचताच येईना, तिने तो गाळला. उरलं हिमोग्लोबिन ९.२. पुरुषाला १३ तरी हवं, एवढं मला पाठ. मग काय, रोज बिटाचा रस, सकाळी पाच खजूर, संध्याकाळी गूळ-शेंगदाणे. तीन महिन्यांनी परत तपासलं तर ११.४! बाबांनी डायरीत लाल पेनाने लिहिलं, "रक्त वाढले." आईने पेढे आणले. बाबांनी दोन खाल्ले.

ज्यांना माहितीये ते हसतायत. हसा. ज्यांना नाही त्यांच्यासाठी: एचबीएवनसी म्हणतात ते हेच. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, तेवढ्यात तिच्यातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली त्याचा हा टक्का. ६.५ किंवा त्याच्या वर म्हणजे मधुमेह. रक्ताचं हिमोग्लोबिन ग्रॅममध्ये मोजतात, हे टक्क्यात. आकड्यापुढे ते बारीकसं टक्क्याचं चिन्ह होतं हो! आईला "पुढे काय लिहिलंय" एवढंही मी विचारलं नाही.

अर्थ सांगणं हे लॅबवाल्याचं काम नाही, मान्य. पण दवाखान्याच्या बाकावर बसलेला प्रत्येक माणूस या तपासणीला "तीन महिन्यांची शुगर" म्हणतो. तीन शब्द! फुल बॉडी चेकअपची जाहिरात पाकिटावर चकचकीत मराठीत छापता, मग आत हे तीन शब्द छापायला शाई संपते?

आणि कृपया "गूळ नैसर्गिक असतो" घेऊन कमेंटमध्ये येऊ नका. गुळात लोह असतं, ठीक आहे. पण गूळ म्हणजे मुख्यतः सुक्रोज, साखरेच्या डब्यातलं तेच. (डॉक्टर मंडळी, अ‍ॅनिमियात हा आकडा फसवू शकतो हेही कबूल. आमच्या बाबांना अ‍ॅनिमिया नव्हता. पेढे होते.)

डॉक्टरांनी समजावून सांगितल्यावर बाबा चिडले नाहीत. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाले, "मला वाटलंच, रक्त वाढलं तर पाय का गळतायत." म्हणजे तीन महिने पाय गळत होते आणि बोलले नव्हते, आपली पोरगी सांगतेय म्हणून खजूर खात होते. आता गोळ्या चालू आहेत, आकडा सातच्या आसपास असतो. ते डायरीतलं पान मात्र त्यांनी फाडलेलं नाही.

तर आजोबा. त्यांचा कागद मागून घेतला, बघितला. तेच. ग्लायकेटेड, ८.१. पाकिटावर पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलं, "तीन महिन्यांची शुगर. जास्त आहे. आजच डॉक्टर." त्यांनी वाचलं आणि पिशवी जरा मागे घेतली. आत खजुराचं पाकीट होतं.

"सुनेनं आणायला सांगितलंय," म्हणाले.