गेममधले कंटेनर आणि आमच्या दारातला कंटेनर

परवा पुतण्या बीजीएमआय हा फोनवरचा गोळीबाराचा गेम खेळत होता, मी शेजारी बसून बघत होतो. गडी उतरला तो थेट गेमच्या नकाशातल्या जॉर्जोपोल गावाच्या कंटेनर यार्डात. तिकडून त्याचा मित्र म्हणाला, "परत कंटेनर! या गेमवाल्यांना दुसरं काय सुचतच नाही का रे?" हे वाक्य मी आजवर बऱ्याच पोरांच्या तोंडून ऐकलंय. जागा भरायला काही नसलं की ठेवा कंटेनर, असा सगळ्यांचा समज झालाय. मला तो अजिबात मान्य नाही. तासगावजवळ एका द्राक्षाच्या पॅकहाऊसवर मी लोडिंग बघतो. सीझनमध्ये दिवसरात्र कंटेनरच्या दाराशीच उभा असतो, म्हणून हे लिहितोय.

साधा कंटेनर आठ फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच. त्याच्या आड उभं राहिलं की पलीकडचं काही दिसत नाही, आणि उडी मारून वरही जाता येत नाही. दोन कंटेनरमध्ये थोडी जागा सोडली की बोळ तयार. दार उघडं ठेवलं की खोली झाली, एकावर एक चढवले की माडी झाली. पुन्हा रंग आहेतच. "निळ्याच्या मागं हाय" एवढं म्हटलं की जोडीदाराला कळतं, नकाशा उघडायची गरज नाही. 'कॉल ऑफ ड्यूटी' या गोळीबाराच्याच गेमच्या २००७ च्या भागात 'शिपमेंट' नावाचा मॅप, म्हणजे खेळायचं मैदान होतं. एवढंसं चौकोनी अंगण आणि त्यात कंटेनर, बाकी जवळजवळ काही नाही. तरी नंतरच्या भागांतही तो पुन्हा पुन्हा आणावा लागला, कारण लोकांना तो हवाच होता.

बनवणाऱ्याच्या बाजूनंही बघा. शेवटी ही एक पेटी, त्यामुळे फोनवर किंवा कॉम्प्युटरवर भार येत नाही. एकदा नीट बनवली की रंग बदलून शंभर वेळा वापरता येते. आणि बंदर असो, कारखाना असो की लष्कराचा तळ, तिथं ती उभी दिसली तर कुणालाच खटकत नाही.

पण ती इतकी चपखल बसते याचं श्रेय गेमवाल्यांच्या आधी खऱ्या कंटेनरला जातं. २६ एप्रिल १९५६ ला अमेरिकेत माल्कम मॅकलीन यांचं 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. पुढं साऱ्या जगानं ठरावीक मापं ठरवून घेतली. वीस फुटी कंटेनर खरं तर वीस फुटाला दीड इंच कमी भरतो. दोन वीस फुटी एका चाळीस फुटीच्या जागेत मध्ये तीन इंच फट ठेवून बसावेत, म्हणून तो तसा केलाय. जी वस्तू मुळातच रचण्यासाठी मापात बनवली, ती गेमच्या चौकटीत बसणारच की.

माझी तक्रार वेगळी आहे. वापरताय तर नीट काढा.

काही गेममध्ये खालच्या कंटेनरवर वरचा चक्क आडवा ठेवलेला दिसतो. कंटेनरचा सगळा भार चार कोपऱ्यांच्या खांबांवर असतो. छताचा पत्रा ते वजन घेण्यासाठी नसतोच. वरच्याचे कोपरे खालच्याच्या कोपऱ्यांवरच आले पाहिजेत. त्यासाठी कोपऱ्याला भोकं पाडलेला पोलादी ठोकळा असतो, तिथंच लॉक बसतं, तिथंच क्रेन धरते. बऱ्याच गेममध्ये तो ठोकळाच गायब असतो. भिंतीचा पत्राही जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा, रायफलची गोळी आरपार जाईल. पण ते मी सोडून देतो, आडोसा राहिला नाही तर खेळायचं काय? कोपरा बरोबर काढायला मात्र खेळातलं काहीच कमी होत नाही.

आणि रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, कुठं आहे? मी पाहिलेल्या गेममध्ये सगळे कोरड्या मालाचे कंटेनर. आमच्याकडं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो तो पांढरा, चाळीस फुटी, एका टोकाला मशीन आणि दुसऱ्या टोकाला दार. आत जमिनीवर उभ्या पट्ट्या, त्यांच्यामधून थंड हवा दारापर्यंत येते आणि पेट्यांमधून वर चढते. वर एक लाल रेघ असते. त्या रेघेच्या वर एक पेटी जरी गेली तरी हवेची परतीची वाट अडते, म्हणून शेवटचं पॅलेट आत जाताना माझी नजर त्या रेघेवरच असते. मग दारं लागतात, सील बसतं, कंटेनरचा आणि सीलचा नंबर मी कागदाशी दोनदा ताडून बघतो. पोरांनी वर्षभर राबून पिकवलेली द्राक्षं आत असतात.

हे सगळं पुतण्याला सांगत होतो. मशीन चालू असताना शेजारच्या माणसालाही ओरडून बोलावं लागतं, असं म्हणालो आणि त्यानं फोन खाली ठेवला.

"काका, म्हणजे मशीन चालू असलं की गेममध्ये शत्रूच्या पायांचा आवाज येणार नाही?"

"नाही येणार. पण ते मध्येच बंद पडतं, परत चालू होतं."

"मग बंद पडलं की पळणारा सापडला!"

मी इतकी वर्षं तो आवाज ऐकतोय, मला हे कधी सुचलं नव्हतं. गेम बनवणाऱ्या मराठी पोरांनो, वाचताय ना? एक पॅकहाऊस, बाहेर रांगेत तीन रीफर, मागं द्राक्षाची बाग आणि ट्रेलर कसाबसा वळेल एवढा रस्ता. मापं हवी असतील तर सीझनमध्ये तासगावला या, टेपचं दुसरं टोक मी धरतो.